पुण्याला कुणी फोनच केला नाही

पीएसआयच्या नवीन बॅचला मी तपास हा विषय शिकवतो. आधीची बरीच वर्षं क्राइमला गेली, नंतर ट्रेनिंगला आलो. मागच्या बॅचबरोबरचा एक तास डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

एक जुनी केस नावं, साल सगळं काढून दिली होती. एका मोठ्या पुढाऱ्याच्या सभेत स्फोट होतो, पुढारी वाचतो, एक पोरगा जागेवर सापडतो, बाकीचे टॅक्सीतून पळतात, आणि ते परत येणार हे उघड आहे. हातात दहा दिवस, एका दिवसाला चार मिनिटं. वर्गाचे तीन गट केले, तीन शहरांचे पोलीस, प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी. पहिल्या गटाकडे पकडलेल्या पोराचा जबाब, त्यात एक साथीदार तिसऱ्या शहरातल्या एका पेपरचा संपादक आहे असं आलंय, शिवाय हॉटेलातून मिळालेले धुतलेले कपडे, त्यावर एन. व्ही. जी. अशी खूण. दुसऱ्या गटाकडे एका प्रोफेसरने मंत्र्याला दिलेली खबर. तिसऱ्या गटाकडे फक्त त्यांच्या शहरातल्या पेपरांची यादी, संपादक-मालकांच्या नावांसकट. कुणीही कुणाला कधीही विचारू शकतं, हात वर करायचा बास, हे मी दोनदा सांगितलं होतं.

चाळीस मिनिटं संपली. पहिल्या गटाने जबाब इतका सुंदर लिहून काढला की सातवा दिवस त्यातच गेला. दुसऱ्या गटाने स्वतःचीच एक थिअरी धरली आणि बाहेरून माहिती घेऊन आलेल्या दोघांना जवळपास हाकललंच. तिसरा गट बसून. मी त्या गटातल्या एका मुलीला विचारलं, तुम्ही काय केलंत? ती म्हणाली, सर, आम्हाला कुणी विचारलंच नाही.

मग मी नावं सांगितली. 20 जानेवारी 1948, दिल्ली, बिर्ला हाऊस, गांधीजींची प्रार्थनासभा. पकडलेला मदनलाल पाहवा. जबाबातला पेपर पुण्याचा 'अग्रणी', जो तेव्हा 'हिंदू राष्ट्र' नावाने निघत होता, संपादक नथुराम विनायक गोडसे, मालक नारायण आपटे. संपादकाचं नाव अंकावर छापायचं हा तर कायदाच होता तेव्हाही, म्हणजे एक अंक उचलून बघितला असता तरी पुरे होतं. प्रोफेसर म्हणजे मुंबईच्या रुईया कॉलेजचे जैन, त्यांनी 21 तारखेला तेव्हाच्या मुंबई सरकारचे प्रमुख बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाईंना कटाचं सांगितलं, मोरारजींनी त्याच संध्याकाळी मुंबई सेंट्रलवर डेप्युटी कमिशनर नगरवालांना सांगितलं. आणि 30 तारखेला संध्याकाळी पाच वाजून 17 मिनिटांनी गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या.

वर्गात कुणी बोलेना. थोड्या वेळाने एकाने चौथ्या गोळीचं विचारलं, म्हणजे गोडसेच्या तीन गोळ्या सोडून आणखी एक गोळी दुसऱ्याच कुणी झाडली हा दावा, ते कुणीतरी विचारतंच. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये तो विषय परत उघडायला नकार दिला, आणि माझं स्पष्ट मत आहे की या केसमध्ये सगळा आवाज तिथे होतो आणि खरा प्रश्न बाजूला राहतो. पिस्तुलाचंच बघा ना, बेरेटा, नंबर 606824, ग्वाल्हेरहून आलं इथपर्यंत नीट लागतं, पण इटलीचं पिस्तूल ग्वाल्हेरला कुणाकुणाच्या हातून पोचलं ती साखळी कोर्टात पूर्ण झाली नाही, तीन आरोपी फरारच राहिले. याबद्दल कुणी भांडत नाही.

पण माझ्यासाठी खरा प्रश्न त्या दहा दिवसांचाच. लाल किल्ल्यातल्या खटल्यात न्यायाधीश आत्माचरण यांनीही निकालात पोलिसांच्या ढिलाईवर बोट ठेवलं होतं. दिल्लीचे दोन ऑफिसर मुंबईला गेले, ते म्हणतात आम्ही संपादकाचं सांगितलं, नगरवाला म्हणतात सांगितलंच नाही. एका पोराने लगेच विचारलं, सर, नोंद असेल ना? आहे, एक कागद दिल्लीवाल्यांनी दाखवला, पण तो खरोखर त्या वेळचा आहे का यावरच वाद. आणि हे सगळं तपासायला न्यायमूर्ती कपूर आयोग नेमला गेला 1966 मध्ये, अठरा वर्षांनी. 101 साक्षीदार तपासले, पण तोपर्यंत खेर गेलेले, सरदार पटेल गेलेले. साधी स्टेशन डायरीची नोंद चार तास उशिरा झाली तरी आम्ही पोरांना झापतो, इथे अठरा वर्षं.

ती तिसऱ्या गटातली मुलगी एवढा वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, सर, त्या वेळी पुण्याचं कुणी दिल्लीत नव्हतंच का?

होतं. तेच मला सगळ्यात जास्त लागतं. पुण्याच्या सीआयडीचे डीआयजी राणा त्या दिवसांत दिल्लीतच होते. 25 तारखेला मदनलालच्या जबाबाची प्रत त्यांच्या हातात दिली गेली, पुण्याचा संपादक असं लिहिलेली, आणि पुण्यात त्यांचं स्वतःचं ऑफिस. एक ट्रंक कॉल. त्यांनी तो केला नाही. ते रेल्वेने निघाले, तेही अलाहाबादमार्गे, आणि 27 तारखेला मुंबईला पोचले. आयोगाने त्यांना याबद्दल बोल लावले, पण का केलं नसेल याचं पटेल असं उत्तर मला त्या कागदांत आजवर सापडलेलं नाही.

आणि गोडसे-आपटे? तिने विचारलं.

27 तारखेलाच मुंबईहून विमानाने दिल्लीला, खोट्या नावांनी.

म्हणजे एकाच तारखेला मुंबईत?

हो म्हटलं.

तास संपला. बाकीच्यांनी चिठ्ठ्या टेबलावर आणून ठेवल्या. तिने ती पेपरांची यादी घडी करून वहीत ठेवली, मीही मागितली नाही.