रविवारची सीडी आणि नोलवेन

फ्रान्समधल्या रेन शहरात मी ज्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहते, त्या मालकीणबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. रविवारी जेवणानंतर भांडी घासताना त्या एकच सीडी लावतात, गायिका नोलवेन लरुआची ‘ब्रतोन’. मी पहिल्यांदा ती जिन्यातून ऐकली तेव्हा चांगलीच गोंधळले. इतकी वर्षं फ्रेंच शिकून, बोलून एक अक्षर कळेना! ते फ्रेंच नव्हतंच. ब्रेटन होतं, फ्रान्सच्या वायव्येकडच्या ब्रिटनी प्रांताची जुनी भाषा.

नोलवेन ब्रिटनीच्या पार पश्चिम टोकाची, फिनिस्तेरमधल्या सँ-रनांची. २००२ मध्ये, विशीत, तिने टीव्हीवरची ‘स्टार अकॅडमी’ ही गाण्याची स्पर्धा जिंकली. त्यात स्पर्धक एका मोठ्या वाड्यात एकत्र राहायचे, शिकायचे, आणि कॅमेरे सतत त्यांच्यावर. त्यामुळे जिंकणारी मुलगी लोकांना घरातलीच वाटू लागते. पुढच्या वर्षी नवा विजेता येतो आणि जुनी मागे पडते. नोलवेनचं लगेच तसं झालं नाही. ‘कासे’ हे पहिलंच गाणं अव्वल ठरलं. गायक-संगीतकार लोराँ वूल्झीसोबत केलेला २००५ चा अल्बमही गाजला. मग २००९ मध्ये तिने फेरो बेटांवरच्या तैतुर या गायकाबरोबर एक शांत, जरा तिरपागडा अल्बम काढला. मला तो मनापासून आवडतो, पण आधीच्यांइतका तो खपला नाही.

आणि डिसेंबर २०१० मध्ये आला ‘ब्रतोन’, म्हणजे ब्रिटनीची बाई. जुनी लोकगीतं, काही ब्रेटनमध्ये, एक तर आयरिशमध्ये. दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. स्पर्धा जिंकून आठ वर्षं झाल्यावर!

कोणाला हे पर्यटकांसाठी नटवलेलं ब्रिटनी वाटतं. मला पटत नाही. त्यातलं ‘त्रि मार्तोलोद’, म्हणजे तीन खलाशी, हे गाणं ब्रेटन गायक आलां स्टिवेलने सत्तरच्या दशकात घराघरांत नेलं होतंच. फेस्ट-नोजला, म्हणजे इथल्या रात्रीच्या नाचाला, लोक करंगळीत करंगळी अडकवून गोल धरतात, तिथे अशी गाणी कधी थांबलीच नव्हती. पण टीव्हीवर पाहिलेली, ओळखीची मुलगी तेच गाते तेव्हा ते थेट स्वयंपाकघरात पोचतं. आमच्याकडे पोचलंय.

मालकीणबाईंना ब्रेटन समजतं, बोलता येत नाही. त्यांच्या आजीच्या लहानपणी शाळेत ब्रेटन बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात शिक्षा म्हणून एक वस्तू लटकवत. पुढचा कोणी सापडेपर्यंत ती त्याच्याच गळ्यात. मग आजी आणि आई आपसात ब्रेटन बोलायच्या आणि मुलांशी फक्त फ्रेंच.

‘त्रि मार्तोलोद’मध्ये तीन तरुण खलाशी निघतात, वारा त्यांना न्यूफाउंडलंडपर्यंत नेतो. तिथे पवनचक्कीजवळ एक मोलकरीण भेटते. तिची ओळख नांत शहराच्या बाजारातली, तिथेच अंगठी पसंत केलेली. पण दोघंही कंगाल.

मागच्या रविवारी या ठिकाणी बाईंनी नळ बंद केला आणि ओळीचा अर्थ मला फ्रेंचमध्ये सांगितला: ना घर, ना गवताची काडी, ना रात्री निजायला बिछाना. म्हणाल्या, “आम्ही पैसे मागितले की आजी हेच म्हणायची. मला वाटायचं, तिचं स्वतःचंच वाक्य आहे.”

मग त्यांनी ते गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.