कामाच्या जागी पाहुणे

परदेशवारीच्या शेवटच्या टप्प्यावर माणसाला चर्च दाखवू नये. राजवाडा तर नाहीच नाही. तोवर डोळ्यांना अजीर्ण झालेलं असतं. सोन्याचा मुलामा दिलेलं छत समोर असलं तरी आपली नजर बसायला बाक कुठे आहे ते शोधते. नवऱ्याच्या डोक्यात बॅगांचं वजन, माझ्या डोक्यात घरी गेल्यावर लावायचा पहिला कुकर. अशा अवस्थेत आम्ही हॅम्बुर्गला पोचलो, तेही परतीचं विमान तिथून स्वस्त मिळत होतं म्हणून. बघण्याची हौस फिटलेली होती. आणि नेमकं हेच गाव बघण्यात सगळ्यात जास्त मजा आली.

हॅम्बुर्ग हे जर्मनीचं सगळ्यात मोठं बंदर, पण तिथे समुद्र नाही. तो शंभरेक किलोमीटर लांब राहिला. आहे ती एल्बे नदी. मात्र समुद्राची भरती-ओहोटी नदीतून थेट गावात येते, आणि पाणी चांगलं दोन पुरुष वर-खाली होतं. लांडुंग्सब्रुकन नावाचा मुख्य धक्का म्हणूनच तरंगता आहे. काठावरून त्यावर उतरायला लोखंडी पूल आहेत. सकाळी भरतीला आम्ही त्यावरून ऐटीत चालत गेलो, आणि ओहोटीच्या वेळी परत आलो तेव्हा त्याच पुलाचा चांगला चढ झाला होता. शेजारच्या दगडी मनोऱ्यावर घड्याळ आहे आणि पाण्याची पातळीही दिसते. इथे किती वाजले याच्याइतकंच पाणी किती आहे यालाही महत्त्व.

नवऱ्याने पहिला शोध लावला तो पासाचा. धक्क्यावर बंदराची सफर घडवणाऱ्या बोटींचे लोक हाका मारमारून तिकिटं विकत होते, आणि त्यांच्याच शेजारी ६२ नंबरची फेरी मुकाट्याने उभी होती. ही शहराच्या बससारखीच. दिवसभराच्या पासात चालते. "अगं, पासात येतं हे!" हे वाक्य त्याने ज्या सुरात उच्चारलं, त्या सुरात त्याने लग्नाला होकारसुद्धा दिला नव्हता. फेरी संध्याकाळसाठी राखून ठेवली आणि आधी गोदामं बघायला गेलो.

गोदामं बघायला जाणं हे ऐकायलाच विचित्र वाटतं. भायखळ्याला आलेल्या पाहुण्याला कोणी वखारी दाखवायला नेत नाही. पण श्पायखरश्टाट म्हणजे गोदामांचं अख्खं गावच आहे. लाल विटांच्या पाच-सात मजली इमारती, हिरवे पडलेले तांब्याचे कळस, मधून पाण्याचे कालवे, आणि सगळं लाकडी खांबांवर उभं. प्रत्येक इमारतीला दोन तोंडं, एक रस्त्याला आणि एक पाण्याला. कालव्यातून पडाव येऊन लागायचा आणि छपराखालच्या कप्पीने कॉफीची, कोकोची, मसाल्यांची पोती ज्या त्या मजल्यावर खेचून घेतली जायची. १८८८मध्ये कैसर विल्हेल्म दुसरा याच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. हॅम्बुर्ग तेव्हा जर्मन साम्राज्याच्या जकातीच्या कक्षेत आलं, पण बंदराचा एवढा भाग करमुक्त ठेवून घेतला. इथे माल उतरवा, निवडा, भाजा, साठवा. कुंपणाबाहेर नेईपर्यंत जकात नाही. बंदरात ही सवलत पार २०१२ अखेरपर्यंत चालली. गोदामांसाठी जागा हवी म्हणून तिथली वस्ती उठवली होती, हजारो लोकांची. पाट्यांवर ही गोष्ट असते, पण कळस इतके देखणे आहेत की वर बघण्याच्या नादात पाटी राहून जाते.

आता तिथे पोती नाहीत. एका गोदामात जगातली सगळ्यात मोठी खेळण्यातली रेल्वे आहे, एकात मसाल्यांचं संग्रहालय. (मसाल्यांच्या संग्रहालयात पैसे देऊन जायला मी ठाम नकार दिला. घरी फुकट आहे.) टोकाला कोको, चहा आणि तंबाखूचं जुनं गोदाम होतं, त्याच्या डोक्यावर काचेची लाट ठेवावी तसा एल्बफिलहार्मोनी हा संगीत सभागार उभा आहे. २०१७च्या जानेवारीत तो सुरू झाला. शहराच्या तिजोरीतून सुरुवातीला ७ कोटी ७० लाख युरो जातील असा अंदाज होता, गेले जवळजवळ ७९ कोटी. हे वाचल्यावर जर्मन माणसाबद्दल मला प्रथमच जवळीक वाटली.

मग नदीखालचा बोगदा. १९११ साली तो खुला झाला आणि झाला तो बोटींवर होणाऱ्या कामगारांच्या गर्दीपायी. गोद्या आणि जहाजांचे कारखाने नदीच्या दक्षिण काठाला, कामगार राहणार उत्तर काठाला. पाळी सुटली की हजारो माणसं एकदम पाण्यापाशी. म्हणून पाण्याखालून वाट काढली. मोटारीसुद्धा मावतील अशा मोठ्या लिफ्टने चोवीस मीटर खाली जायचं, ४२६ मीटर चालायचं आणि पलीकडे वर यायचं. चालणाऱ्याला तिकीट नाही. भिंतींना चकचकीत फरशा आहेत आणि मधूनमधून त्यावर उठावाची चित्रं: मासे, खेकडे, सील. एका चित्रात जुना बूट आणि उंदीर. रात्रपाळीहून परतणाऱ्या दमल्या माणसासाठी कोणीतरी हे करवून घेतलं, याचं मला फार कौतुक वाटलं. आमच्या पुढे एक नवरी, एक नवरा आणि फोटोग्राफर चालले होते. तो तिला म्हणत असावा, खेकड्याजवळ उभी राहा.

तिथेच एक गोष्ट डोक्यात घोळायला लागली. काम थांबलं की जागा प्रेक्षणीय होते. पोती गेली आणि गोदामं जागतिक वारशाच्या यादीत आली, २०१५मध्ये. पोती कशामुळे गेली? कंटेनरमुळे. त्या लोखंडी पेट्यांना मजले नकोत, कप्पी नको, कालवा तर नकोच; हवी ती मैलभर सपाट जमीन आणि खोल पाणी. तेव्हा काम नदीच्या पलीकडे सरकलं आणि अलीकडे कॅफे आले. आपल्याकडेही पेट्या न्हावाशेव्याला गेल्या. मुंबईची व्हिक्टोरिया गोदी १८८८चीच, या गोदामांच्या वयाची. ती आता बुजवलेली आहे. माझं सगळं आयुष्य मुंबईत गेलं, पण गोदीची मी पाहिली ती भिंत, बसमधून, पी. डिमेलो रस्त्यावरून जाताना. आतून बंदर कसं दिसतं ते बघायला मला इतक्या लांब यावं लागलं, आणि तेही दुसऱ्याचं.

संध्याकाळी फेरीत बसलो. वरच्या डेकवर भणाण वारा. डाव्या हाताला जहाजदुरुस्तीच्या तरंगत्या गोद्या होत्या. एक प्रचंड जहाज पाण्याबाहेर उचलून ठेवलं होतं आणि त्याच्या पोटाखाली पिवळ्या हेल्मेटांची माणसं काहीतरी घासत होती. एकानेही आमच्याकडे पाहिलं नाही. पॅरिस असो, व्हिएन्ना असो, युरोपातली शहरं आपल्यासाठी नटून उभी असतात. इथे कोणाला आमची पर्वा नव्हती, उलट आम्हीच कोणाच्या तरी वाटेत येत होतो. फेरीतली निम्मी माणसं कामावरून घरी चालली होती. एक बाई दोन पिशव्या पायांत धरून डुलकी काढत होती. तिच्या डोक्यामागून सूर्यास्त चालला होता, आणि आम्ही सगळे प्रवासी तिच्या डोक्याच्या आजूबाजूने फोटो घेत होतो.

नॉयम्यूलनला उतरलो. तिथे नदीला चक्क वाळूचा किनारा आहे. चौपाटीच म्हणा, फक्त भेळ नाही. तिथे एक अगडबंब शिळा पडलेली आहे, २१७ टनांची. हिमयुगातल्या बर्फाने ती स्वीडनमधून ढकलत आणली, आणि १९९९मध्ये जहाजांसाठी नदी खोल करताना ती सापडली. लोक तिला म्हातारा स्वीडिश म्हणतात. लहान पोरं तिच्यावर चढत होती आणि समोर, पलीकडच्या काठावर, बंदर पूर्ण भरात होतं. लांब तंगड्यांची यंत्रं पेट्यांवरून चालत जात होती, पेटी पोटाशी धरत होती आणि दुसरीकडे नेऊन ठेवत होती. अलीकडे लोक सहकुटुंब वाळूवर बसून, बिअर पीत, हे बघत होते. आम्हीही बसलो. हेरिंग आणि कांदा घातलेला पाव घेतला होता. मासा मुरवलेला, कच्चाच म्हणायचा. नवऱ्याने डोळे मिटून खाल्ला आणि मग दुसरा आणायला उठला.

वेळ असता तर आणखी खाली वेडेलला गेलो असतो. तिथे १९५२पासून एक गमतीचा रिवाज आहे. बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या जहाजांना काठावरच्या लाउडस्पीकरवरून सलामी मिळते आणि ज्या देशाचा झेंडा त्या देशाचं राष्ट्रगीत वाजतं. तिथे कधीतरी ‘जन गण मन’ ऐकायला मिळालं तर ते अगदीच परक्या ठिकाणी वाजलं असं म्हणता येणार नाही. याच हॅम्बुर्गमध्ये १९४२च्या सप्टेंबरात, सुभाषबाबू हजर असताना, वाद्यवृंदाने ते राष्ट्रगीत म्हणून वाजवलं होतं. आपल्या संविधान सभेने ते स्वीकारलं १९५० साली.

दुसऱ्या दिवशी रविवार आणि दुपारचं विमान. बॅगा बांधून झाल्या होत्या, त्यामुळे पहाटेच मासळी बाजार गाठला. १७०३पासून हा बाजार रविवारी भरतो, उन्हाळ्यात पहाटे पाचला, आणि साडेनऊला आटपतो. कारण पूर्वी चर्चमधली प्रार्थना सुरू होण्याआधी तो उरकावा लागे. मासळी आहेच, पण बाकी काय नाही! कुंड्या, फुलं, चीज, टोपल्या भरभरून फळं. जुन्या लिलावगृहात सकाळी सातला रॉक बँड वाजतो. त्यासमोर रात्रभर न झोपलेली तरुण मंडळी आणि नुकते उठलेले म्हातारे एकत्र नाचत होते. विक्रेते ट्रकवर उभे राहून ओरडतात, गिऱ्हाइकाची खोड काढतात, पिशवीत एकावर एक जिन्नस कोंबत जातात आणि किंमत तीच ठेवतात. भाऊच्या धक्क्यावर घासाघीस केलेल्या बाईला भाषा येत नसली तरी चालते. साडेनऊ वाजत आले तसा फळवाला इरेला पेटला. मी नको म्हणून मान हलवली की तो आणखी एक फणी टाकायचा. मान थांबेपर्यंत माझ्या हातात केळ्यांची करंडी होती.

बॅगेत जागा नाही, टाकून द्यायला मन होईना. करंडी घेऊन आम्ही विमानतळावर गेलो. तपासणीच्या यंत्रातून ती आपली निवांत सरकत गेली. गेटपाशी बसून मी शेजारपाजारच्यांना केळी वाटायला सुरुवात केली. सत्यनारायणाच्या प्रसादासारखी, असं नवरा म्हणाला आणि दोन खुर्च्या पलीकडे जाऊन बसला. मुलाकडे राहून परत निघालेल्या एक आजी समोर होत्या, नाकात मोत्याची नथनी, पायांत स्पोर्ट्स शूज. त्यांनी केळं हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं.

"कुठली हो ही?"

"बोटीने आलेली आहेत, आजी. इथल्याच बंदरातून."

त्यांनी एक घास घेतला, सावकाश चावला.

"वसईच्या वेलचीची सर नाही," त्या म्हणाल्या, आणि नातवासाठी म्हणून आणखी दोन मागून घेतली. नातू हॅम्बुर्गलाच राहिला होता.