आप्पा, सर्व्हर आणि मीटरचा लाल दिवा

घरात एक कॉम्प्युटर कायम चालू असावा, त्यात सगळ्यांच्या मोबाईलचे फोटो आपोआप जमा व्हावेत आणि टीव्हीवर पिक्चर दिसावेत, म्हणजे घरचा सर्व्हर, एवढीच माझी हौस. वर्षभर जुन्या डेस्कटॉपवर भागवलं. मग अमळनेरचा एप्रिल, कूलर सुरू, आणि बिल आल्यावर आप्पा म्हणाले, "हाई डबडं रातदिन चालू ऱ्हास का रे?"

वॅटमीटर मागवायचा कंटाळा, म्हणून देशी उपाय केला. आमच्या विजेच्या मीटरवर लिहिलंय की लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. रविवारी दुपारी फ्रीज, पंखे, राऊटर, इन्व्हर्टरचं चार्जिंग सगळं बंद करून फक्त डेस्कटॉप चालू ठेवला आणि घरच्यांच्या शिव्या खात जिन्याखाली मोबाईल घेऊन मोजत बसलो. दहा मिनिटांत ३२. म्हणजे ६० वॅट, तेही काही काम नसताना! महिन्याला ४३ युनिट, आणि आमचं बिल उन्हाळ्यात १०० युनिटच्या वर जातंच, त्यामुळे यातली १०० च्या वर जाणारी युनिटं महाग दरातली.

मग शोधाशोध. रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा एका बोर्डवरचा कॉम्प्युटर, सगळ्यात कमी खातो, पण अ‍ॅडॉप्टर, केस, एसएसडी (न फिरणारी, चिपवाली डिस्क) जोडायचा बोर्ड धरला की स्वस्त कसला, आणि मेमरी कार्डवर चालवायचा तर आमच्याकडे लाईट जाते तशी ते कार्ड किती दिवस टिकणार. जुना लॅपटॉप म्हटलं तर बॅटरी आयतीच, यूपीएस लागत नाही, पण मे महिन्याच्या ४४ डिग्रीत कायम चार्जिंगला लावलेली बॅटरी फुगते, ते मी एकदा पाहिलंय, परत नको.

राहिले दोन. इंटेल एन१०० प्रोसेसरवाला नवा मिनी पीसी, किंवा ऑफिसांतून निघालेला सेकंडहँड छोटा डबा, इंटेलच्याच आय५ ८५००टी प्रोसेसरवाला. कागदावर एन१०० ६ वॅट आणि दुसरा ३५, त्यामुळे मी एन१०० घेणारच होतो. पण तो आकडा प्रोसेसर जोरात राबत असताना किती उष्णता बाहेर काढावी लागेल त्याचा आहे, भिंतीतून किती वीज ओढतो त्याचा नाही. सर्व्हर दिवसातले बावीस-तेवीस तास नुसता बसून असतो, तेव्हा तो बसल्या बसल्या किती खातो तेच बघायचं, आणि तिथे दोघांत फार फरक नाही. वर ८५००टी ला सहा कोर, रॅम पाहिजे तेव्हा बदलता येते. घेतला सेकंडहँड. विकणाऱ्याने अ‍ॅडॉप्टर दिलाच नाही ते वेगळं, त्याचं रडगाणं परत कधीतरी.

आल्यावर आधी खोलून धूळ झाडली, प्रोसेसरची उष्णता वर काढणारी थर्मल पेस्ट नवी लावली, मोठी हार्डडिस्क न लावता एसएसडी टाकली कारण फिरणारी डिस्क एकटीच चार-पाच वॅट खाते. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडतो तो सेटिंगचा भाग) लाईट आली की आपोआप चालू व्हायचं सेटिंग असतं, ते विसरू नका, नाहीतर लोडशेडिंगनंतर बटण दाबायला कोणीतरी घरी लागेल.

परत रविवार, परत जिन्याखाली. दहा मिनिटांत ५. नऊ-साडेनऊ वॅट, महिन्याला सातेक युनिट.

आप्पांना मात्र आता नाद लागलाय, जाता-येता मीटरसमोर थांबतात. परवा रात्री मला झोपेतून उठवलं, "ऊठ रे, दिवा लप लप करी ऱ्हायना, तुन्हं डबडं बघ." सर्व्हर गप्प बसलेला होता. पाण्याची मोटर बंद करायला आप्पाच विसरले होते.