दोन ब्रॅकेट, चार स्क्रू

भिंतीवर पुस्तकांची फळी लावायची म्हटलं की काम अर्ध्या तासाचं वाटतं. भोकं पाडायची, त्यांत स्क्रू धरून ठेवणारे प्लास्टिकचे प्लग ठोकायचे, स्क्रू पिळायचे. मग काही दिवसांनी फळी पुढे झुकते, वरचे स्क्रू प्लगसकट बाहेर डोकावतात आणि खापर भिंतीवर फुटतं. भिंत बहुधा ठीकच असते.

फळीचं वजन स्क्रूला खाली दाबतं, ते तो सहज पेलतो. घात होतो बाहेरच्या ओढीने. समजा फळीवर १० किलो पुस्तकं आहेत आणि त्यांचा भार भिंतीपासून १२ सेंमीवर पडतोय. ब्रॅकेटच्या खालच्या टोकापासून वरचा स्क्रू १५ सेंमी उंच असेल, तर १० गुणिले १२ भागिले १५, म्हणजे वरच्या दोन स्क्रूंवर मिळून ८ किलोची ओढ आली. तोच स्क्रू ५ सेंमीवर असेल तर ओढ थेट २४ किलो. म्हणून ब्रॅकेटची एक बाजू लांब असेल तर ती भिंतीला लावायची. फळीला जास्त आधार मिळेल या समजुतीने बरेच जण ती फळीखाली घेतात आणि तिथेच अर्धी लढाई हरतात.

ही ओढ अडवतो तो प्लग. स्क्रू आत शिरला की प्लग फुगतो, भोकाच्या कडांना दाबून बसतो आणि घर्षणावर टिकतो. नायलॉनचा असा फुगणारा प्लग जर्मनीच्या आर्टुर फिशरने १९५८ मध्ये आणला. पण दाबायला समोर काहीतरी टणक हवं. आतल्या भिंतींचा गिलावा साधारण १२ ते १५ मिमी जाड असतो. ४० मिमीचा प्लग भिंतीच्या पृष्ठभागाशी सपाट ठोकला, तर त्याचा तिसरा हिस्सा या ठिसूळ थरात राहतो आणि फुगताना गिलावाच फोडतो. त्यापेक्षा तो गिलाव्याच्या पार, पुरता विटेत जाऊ द्यावा: स्क्रू दोन-तीन आटे अडकवून हलक्या हाताने आत ठोका, मग स्क्रू काढून घ्या. स्क्रूची लांबी त्यानुसार वाढते. प्लगचे ४०, गिलाव्याचे १५, ब्रॅकेटच्या पत्र्याचे ३ आणि प्लगच्या पुढे निघायला ५. झाले ६३, म्हणजे ६५ मिमीचा स्क्रू. ८ मिमीच्या प्लगला स्क्रू ५ मिमी जाडीचा. बारीक स्क्रू सहज आत जातो म्हणून बरा वाटतो, पण तो प्लगला फुगवतच नाही.

भोक ७० मिमी खोल हवं. टोकापासून मोजून ड्रिलच्या बिटावर चिकटपट्टी गुंडाळली की अंदाज चुकत नाही. बिट काँक्रीट-विटेचंच, टोकाला कार्बाइडचा तुकडा असलेलं. सुरुवात ड्रिलची हातोडीची क्रिया (फिरता फिरता ठोके मारणं) बंद ठेवून, सावकाश. नाहीतर टोक घसरतं आणि गिलाव्याचे टवके उडतात. वीट लागली की हातोडी चालू करा. ड्रिल डुलवलं की ८ चं भोक तोंडाशी ९-१० चं होतं, आणि असा सैल प्लग स्क्रूबरोबर नुसता गरगर फिरतो. कितीही जोर लावून बिट पुढे सरकतच नसेल, तर आधी दिशेचं बटण बघा. ड्रिल उलटं फिरत असण्याची शक्यता बरीच असते!

भुकटीकडे लक्ष ठेवा. आधी गिलाव्याची राखाडी किंवा पांढरी, मग विटेची लाल. लाल येता येता पुन्हा राखाडी आली आणि ड्रिल भसकन आत गेलं, तर बिट दोन विटांमधल्या सांध्यात शिरलंय. तिथे पकड बेभरवशाची, भोक थोडं सरकवलेलं बरं. राखाडी भुकटी आणि कूर्मगती म्हणजे काँक्रीट. त्यात मध्येच एकदम अडलं, तर सळई असू शकते. तिथे झुंजू नका, जागा बदला. हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या भिंतीत मात्र हातोडी वापरायचीच नाही आणि प्लगही त्या ब्लॉकसाठीचा वेगळा घ्यायचा.

जागा ठरवतानाच स्विचच्या आणि सॉकेटच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक टाळा, वायरी बहुधा तिथूनच जातात. भोकातली भुकटी रबरी फुग्याने उडवा. तोंडाने फुंकली की सगळी डोळ्यांत.

चारही खुणा एकदम करून मोकळं होण्याचा मोह आवरावा. एक ब्रॅकेट आधी पक्का करून, त्यावर फळी आणि फळीवर लेव्हल ठेवून मगच दुसऱ्याची खूण करावी. जमिनीपासून मोजलेली उंची फसवते, कारण जमीन क्वचितच सपाट असते.

आणि एखादं भोक सैल झालंच, तर त्यात काड्या कोंबणं किंवा पुट्टी भरून पुन्हा तिथेच स्क्रू पिळणं हा वेळेचा अपव्यय आहे. पुट्टीत प्लगला टेकायला काहीच मिळत नाही. वीट शाबूत असेल तर भोक १० मिमीचं करून १० चा प्लग आणि त्याला साजेसा जाड स्क्रू घाला. ब्रॅकेटच्या भोकातून तो जातो का, हे मात्र आधी बघून घ्या.