वार पडेपर्यंत

मंगळवार, रात्री साडेअकरा. झोप काही येत नाहीये, म्हणून लिहितेय.

आज २० आठवड्यांची अ‍ॅनोमली स्कॅन झाली. बाळाचं हृदय, किडन्या, मणका सगळं छान, मॅडम एकेक दाखवत होत्या आणि मग एकदम गप्प झाल्या आणि प्रोब उजव्या बाजूला तिथल्या तिथेच फिरवत राहिल्या, मी तोवर भिंतीवरची गर्भलिंग तपासणी होत नसल्याची पाटी तीनदा वाचली. शेवटी म्हणाल्या, प्लॅसेंटाला एक एक्स्ट्रा लोब दिसतोय. रिपोर्टात नाव आलंय सक्सेंच्युरिएट लोब. म्हणजे मोठी वार एकीकडे आणि तिच्यापासून थोडा लांब एक छोटा तुकडा, आणि दोघांना जोडणाऱ्या रक्तवाहिन्या मधल्या पातळ पडद्यातून जातात.

मग लघवीला जाऊन या म्हणाल्या, आतून सोनोग्राफी करायची. त्या रक्तवाहिन्या पिशवीच्या तोंडावरून जात असतील तर त्याला व्हासा प्रिव्हिया म्हणतात, पाणमोट फुटताना त्या फाटू शकतात आणि जाणारं रक्त बाळाचं असतं, म्हणून कळा सुरू व्हायच्या आधीच सिझर करतात. कलर डॉपलर लावल्यावर स्क्रीनवर लाल-निळं चमकायला लागलं, मला वाटलं लाल म्हणजे धोका! तसं नसतं म्हणे, रक्त कुठल्या दिशेला वाहतंय त्याचे रंग ते. तोंडाजवळ काही नाही, असं त्या म्हणाल्या तेव्हा कुठे माझी मूठ सुटली.

संध्याकाळी आमच्या डॉक्टरांकडे. त्यांचं म्हणणं, बाळाला आत्ता काही त्रास नाही, लक्ष ठेवायचंय ते डिलिव्हरीनंतर. मोठी वार पडते, सगळे निवांत होतात आणि छोटा तुकडा आतच राहतो, मग ब्लीडिंग थांबत नाही. बाहेर आलेल्या वारेच्या पडद्यावर रक्तवाहिनी तुटून अर्ध्यातच संपलेली दिसली की समजायचं, काहीतरी आत राहिलंय. माझं हिमोग्लोबिन १०.४, ते ११ च्या वर न्यायचंय, म्हणून लोहाच्या गोळ्या, आणि गोळीच्या आगेमागे चहा बंद. सगळ्यात जास्त राग मला ह्याचाच आला, खरं सांगते.

आईला फोन करायच्या आधी काय बोलायचं ते दहा वेळा मनात घोकलं, म्हटलं रडणार ती. तर म्हणते कशी, "म्हणजे वार अडकायची भीती, एवढंच ना गं?" आणि सुरूच झाली, आपली कपिला व्याली की तुझे बाबा वार पडेपर्यंत गोठ्यातून हलायचे नाहीत, कंदील घेऊन बसायचे, गाय खाऊन टाकते ना ती, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत पडली नाही की सायकल काढून गुरांच्या डॉक्टरला आणायचे. मला गाईच्या रांगेत बसवलं म्हणून चिडायला हवं होतं, पण हसूच आलं. दिवसभर नुसता लोब लोब ऐकून पोटात गोळा आला होता, आणि ही वार म्हणाली तर एकदम घरातली गोष्ट वाटायला लागली.

फाईलच्या कव्हरवर लाल स्केचपेनने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, 'वारेला जादा तुकडा आहे, पूर्ण आली का बघणे.' ऐन वेळी ड्युटीवर कोण असेल काय माहीत.

नवऱ्याने फोन घेऊन आईला विचारलं, मी काय करू?

"तुम्ही काही करू नका जावईबापू. फक्त वार पडेपर्यंत चहाला उठू नका."