डीएससी-१ च्या नोट्स आणि तारखांचा घोळ

आज ब्रिटनच्या डीअर स्टॉकिंग सर्टिफिकेट, लेव्हल १ (डीएससी-१, हरणांच्या शिकारीचं प्रमाणपत्र) साठी हातोहात फिरणाऱ्या नोट्स तपासून झाल्या. अक्षरचुका किरकोळ, खरा घोळ शिकारीच्या हंगामाच्या तारखांचा. जुन्या प्रतींत हरणांच्या माद्यांचा हंगाम फेब्रुवारीअखेर संपतो. इंग्लंड-वेल्समध्ये २००७ पासून तो १ नोव्हेंबर ते ३१ मार्च आहे. स्कॉटलंडने २०२३ मध्ये नरांचा बंदीकाळच (शिकार बंद असण्याचा काळ) काढला, त्यामुळे दोन्हीकडचे तक्ते एका पानावर नकोतच! इंग्लंडमध्ये रो जातीच्या हरणाचे नर मात्र १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर; इतर नरांच्या तारखा वेगळ्या, म्हणून हमखास गफलत इथेच. मुंटजॅक या लहान हरणाला तिथे बंदीकाळ नाही.

रायफलच्या ओळीत दशांशाचं टिंब गळतं: इंग्लंड-वेल्समध्ये कॅलिबर (नळीचा व्यास) किमान .२४० इंच, गोळीची ऊर्जा किमान १७०० फूट-पाउंड. मुंटजॅक आणि चायनीज वॉटर डिअर या लहान हरणांसाठी किमान .२२० इंच, १००० फूट-पाउंड, गोळीचं वजन ५० ग्रेन. ताडायचं ते कायद्याच्या मजकुराशी. दुसऱ्याच्या नोट्सशी ताडलं तर तीच चूक पुन्हा उतरते.