एका वर्षाने चुकलेला काउंट

सनदेवरची तारीख अशी : लिश्टमेसनंतरचा (म्हणजे 2 फेब्रुवारीच्या ख्रिस्ती सणानंतरचा) सोमवार, 1398. देणारा ‘योहान, श्पोनहाइमचा काउंट’, ठिकाण जर्मनीतल्या मोझेल नदीकाठचं ट्रारबाख. जुन्या हस्तलिखित सूचीत नोंद होती 4 फेब्रुवारी 1398, योहान तिसरा. सनद वाचून, नोंद तपासून संगणकात चढवायची, एवढंच माझं काम. अशा दहा-बारा सनदा दिवसात होतात. या एकीला अख्खा दिवस लागला, आणि अजून ती डोक्यातून जात नाही.

मजकूर साधा आहे. ग्रेवेनबुर्ग गडावरच्या शिबंदीतल्या एका सरदाराला दर सेंट मार्टिनच्या दिवशी, म्हणजे 11 नोव्हेंबरला, 10 ऱ्हाइन गुल्डन (सोन्याची नाणी) मिळायचे. 100 गुल्डन एकरकमी दिले की काउंट मोकळा; मग सरदाराने त्या पैशातून जमीन घेऊन तीच काउंटची म्हणून धारण करायची. या दहापटीच्या हिशेबाच्या सनदा त्या भागात ढिगाने सापडतात. मी अडलो ते पुढच्या वाक्याशी : ‘माझ्या कैलासवासी वडिलांनी त्याला ही नेमणूक दिली होती, तशीच मी देतो.’

योहान तिसऱ्याचे वडील तो लहान असतानाच वारले. 1331 पर्यंत कारभार पाहिला तो त्याच्या आईने, लोरेटाने. ट्रियरचा आर्चबिशप बाल्डुइन याला 1328 मध्ये मोझेलवर पकडून खंडणी घेणारी बाई ती हीच. आणि ग्रेवेनबुर्ग बांधला खुद्द योहान तिसऱ्याने, 1350 च्या सुमारास. जो गड वडिलांच्या हयातीत उभाच नव्हता, त्यावरची नेमणूक ते देणार कशी?

म्हणजे देणारा योहान चौथा. पण तिसरा वारला 1398 मध्येच, मग त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मुलगा वडिलांना ‘कैलासवासी’ कसा म्हणेल? इथे ट्रियरचं वर्ष मोजावं लागतं. ट्रारबाख ट्रियरच्या आर्चबिशपकडे मोडे, आणि त्याच्या प्रदेशात नवं वर्ष 25 मार्चला लागे. त्यांचं 1398 आपल्या 24 मार्च 1399 पर्यंत चालायचं. तेव्हा हा फेब्रुवारी 1399 चा. वारही बदलतो : 2 फेब्रुवारी 1398 ला शनिवार होता, 1399 ला रविवार. खरी तारीख 3 फेब्रुवारी 1399. गादीवर नवा धनी आला की सरदाराने नेमणूक नव्याने करून घ्यायची, ही तीच सनद.

पुष्कळ लेखनिक ‘ट्रियरच्या रिवाजाने’ असं स्पष्ट लिहितात. याने लिहिलं नाही. तरी ट्रारबाख हे ठिकाण दिसत असताना जुन्या सूचीकाराने थांबायला हवं होतं. बाकी त्याचं वाचन फार चांगलं आहे, म्हणूनच ही चूक इतकी वर्षं कुणी तपासली नाही.

मोहोर पाहून घे, असं एका सहकाऱ्याने सुचवलं. खालच्या दुमडीतून ओवलेली चर्मपत्राची पट्टी शिल्लक आहे, मेण गळून गेलंय. असतं तरी ढालीवरून काही ठरलं नसतं. बापलेकांची ढाल एकच, चौकटींची. घराण्याच्या क्रॉइत्सनाख शाखेचीही ढाल चौकटींचीच. त्यांची निळी-सोनेरी, यांची लाल-रुपेरी, आणि मेणात रंग दिसत नाही. उपयोगी पडली असती ती फक्त काठावरची अक्षरं आणि ठशाची घडण. तिसरा-चौथा हे आकडे तर इतिहासकारांनी मागाहून लावलेले. सनदेत नुसता योहान.

संगणकातला तारखेचा रकाना मात्र वर्ष 1 जानेवारीलाच सुरू होतं असं धरून चालतो, आणि मूळ तारीख व उलगडलेली तारीख वेगळी ठेवायला जागाच देत नाही. हे मला खरोखर खुपतं. मूळ शब्द मी शेऱ्यात लिहिले आहेत, पण शोध घेणाऱ्याला शेरा दिसत नाही.

‘मग जानेवारी ते मार्चच्या सगळ्या सनदांत एक वर्ष मिळव,’ असा उपायही पुढे आला. तो घातक आहे. क्रॉइत्सनाख माइन्त्सच्या आर्चबिशपकडे मोडतं आणि तिथे वर्ष नाताळला लागायचं. फेब्रुवारी 1398 तिथे आपलाच फेब्रुवारी 1398. म्हणून आता 1 जानेवारी ते 24 मार्चमधली प्रत्येक सनद काढून आधी ठिकाण बघतोय, मग लेखनिकाचं अक्षर, मग माणसं. ठिकाण नसलेल्या वेगळ्या गठ्ठ्यात ठेवल्यात.